मेसेजचा बॅकअप आणि कॉम्प्युटरवर मोबाईल अ‍ॅप्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बदलताना फोटो आणि कॉन्टॅक्ट सगळ्यांना आठवतात. एसएमएस आठवतात ते जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन झाल्यावर. खालचे प्रश्न घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि सोसायटीतल्या ज्येष्ठांनी मला पुन्हापुन्हा विचारलेले आहेत. बहुतेकांकडे अँड्रॉइड असतो, म्हणून उत्तरं मुख्यतः त्याला धरून आहेत. आयफोनचा प्रश्न वेगळा घेतला आहे.

साधे एसएमएस आता वाचतं कोण? त्यांचा बॅकअप कशाला घ्यायचा?

ओटीपी आणि कर्जाच्या जाहिराती जपायची काहीच गरज नाही. खुशाल डिलीट करा. पण त्याच ढिगाऱ्यात खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज असतो, एफडी मोडल्याचा असतो, भाडेकरूने 'पुढच्या आठवड्यात नक्की देतो' असं लिहिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात फसव्या व्यवहाराबद्दल ग्राहकाची जबाबदारी ठरवताना एक गोष्ट मोजली जाते : बँकेचा मेसेज मिळाल्यापासून किती कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. म्हणजे तो मेसेज कधी आला, याला पैशांत किंमत आहे.

आणि पैशांपलीकडचंही असतं. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या फोनमध्ये त्यांच्या गेलेल्या यजमानांचे मेसेज होते. 'पोचलो.' 'उशीर होईल, जेवून घे.' इतकेच, दोन-चार शब्दांचे, वर्षानुवर्षांचे. ते व्हॉट्सअ‍ॅपवर कधी नव्हतेच, त्यामुळे कुठल्याही क्लाउडवर नव्हते. असे मेसेज ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे पान वाचून झाल्यावर थांबू नये, आजच बॅकअप घ्यावा.

माझे मेसेज असतात कुठे? सिममध्ये ना?

नाही. बटणांच्या जुन्या फोनमध्ये थोडे मेसेज सिममध्ये राहायचे, त्यामुळे हा समज टिकून आहे. आताच्या अँड्रॉइडमध्ये ते फोनच्या आतल्या एका डेटाबेस फाईलमध्ये असतात आणि ती फाईल तुम्हाला फाईल मॅनेजरमधून दिसत नाही. म्हणून फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून सगळे फोल्डर कॉपी केले, तरी फोटो येतात, मेसेज येत नाहीत. सिम नव्या फोनमध्ये घातलं की नंबर येतो, मेसेज येत नाहीत. मोबाईल कंपनीच्या गॅलरीत जाऊन जुन्या मेसेजचा मजकूर मागितलात तर तोही मिळत नाही.

गुगलचा बॅकअप चालू आहे. तेवढं पुरे का?

चालू आहे हे चांगलंच आहे, आधी तेच तपासा : सेटिंग्जमध्ये गुगल, त्यात बॅकअप. तिथे एसएमएस आणि एमएमएस मेसेजचं नाव आणि शेवटच्या बॅकअपची तारीख दिसायला हवी. तारीख जुनी असेल तर 'आत्ता बॅकअप घ्या' दाबून फोन चार्जिंगला आणि वायफायवर ठेवा.

पण त्याच्या तीन मर्यादा आहेत आणि तिन्ही नेमक्या अडचणीच्या वेळी कळतात. हा बॅकअप परत आणता येतो तो नवा किंवा फॅक्टरी रिसेट केलेला फोन पहिल्यांदा सुरू करताना. ती पायरी घाईघाईत 'वगळा' म्हणून सोडलीत, तर फोन पुन्हा रिसेट करणं आलं. दुसरी, तो उघडून वाचता येत नाही. एखादा मेसेज काढून दाखवायचा असेल तर तो निरुपयोगी. तिसरी फार कमी जणांना माहीत असते : फोन ५७ दिवस वापरलाच नाही, तर गुगल त्याचा बॅकअप पुसू शकतं. बंद पडलेला फोन दुरुस्तीच्या दुकानात किंवा ड्रॉवरमध्ये दोन महिने पडून राहणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणून गुगलचा बॅकअप असू द्या आणि शिवाय आपल्या हातातली एक फाईलही ठेवा.

ती फाईल कशी करायची?

प्ले स्टोअरवर सिंकटेक या कंपनीचं 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' आहे. बरीच वर्षं चालत आलेलं, फुकट, आणि त्याची फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते, म्हणून मी तेच सुचवतो. अ‍ॅप उघडा, बॅकअपमध्ये मेसेज निवडा, हवं तर कॉल लॉगही. जागा विचारली की फोनमध्ये किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवा. काम संपल्यावर एक्सएमएल प्रकारची फाईल तयार होते. ती कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

सोबत आलेले फोटो आणि इमोजी हवे असतील तर त्याचे पर्याय सुरुवातीलाच निवडावे लागतात. आणि या अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी द्यावी लागते, त्याला इलाज नाही. काम झालं की परवानगी काढून घेता येते. गुगलने २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅप्सना ही परवानगी मागण्यावर कडक बंधनं घातली आहेत, त्यामुळे प्ले स्टोअरबाहेरच्या भलत्या अ‍ॅपपेक्षा स्टोअरमधलं अ‍ॅप केव्हाही बरं.

फाईल तयार झाली, एवढ्यावर समाधान मानू नका. ती दुसऱ्या यंत्रावर उघडा, सगळ्यात जुना मेसेज शोधा, एक मराठी मेसेज शोधा. दोन्ही नीट दिसले तरच जुना फोन हातावेगळा करा.

फाईल उघडली तर नुसती अक्षरांची गर्दी दिसते. खराब झाली का?

खराब नाही, ती तशीच असते. एका मेसेजची एक ओळ. तिच्यात 'अ‍ॅड्रेस' म्हणजे समोरचा नंबर, 'बॉडी' म्हणजे मजकूर, 'टाईप' पुढे १ असेल तर आलेला मेसेज आणि २ असेल तर तुम्ही पाठवलेला. लोक अडतात ते 'डेट'पाशी, कारण तिथे १७०००००००००००० असा तेरा आकडी नंबर असतो. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले, तो हा आकडा. एक्सेलमध्ये त्याला ८६४००००० ने भागा, उत्तरात २५५६९ मिळवा आणि भारतीय वेळेसाठी आणखी ५.५ भागिले २४ मिळवा. मग त्या कप्प्याला तारीख-वेळेचं रूप द्या. वरचा आकडा १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं असा निघतो. ते साडेपाच तास विसरलात तर १४ तारखेची रात्र दिसेल, आणि तारखेवरून वाद असेल तिथे हा फरक महागात पडतो.

एवढं करायचं नसेल तर त्याच कंपनीच्या साइटवर फाईल वाचून दाखवणारं पान आहे. तिथे मेसेज गप्पांसारखे मांडलेले दिसतात.

मराठी मेसेजच्या जागी चौकोन किंवा विचित्र खुणा का येतात?

बहुतेक वेळा फाईल शाबूत असते, फक्त उघडणाऱ्या प्रोग्रामने लिपी चुकीची ओळखलेली असते. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. डेटा आयात करायच्या पर्यायातून घ्या आणि यूटीएफ-८ निवडा.

याला जोडूनच एक : इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरी मात्र ७० मध्ये संपतो. दोन्हींना जागा तेवढीच, १४० बाइट. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात आणि आपल्या अक्षराला सोळा लागतात. काना, मात्रा, वेलांटीही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून मराठीतला लांब मेसेज तुकड्यातुकड्यांनी जातो आणि क्वचित तसाच तुटलेला साठतो. तुकडे बॅकअपमध्ये वेगवेगळे दिसले तर घाबरू नका, वेळ बघून जोडता येतात.

नव्या फोनवर परत आणताना अ‍ॅप म्हणतं, मला डिफॉल्ट मेसेज अ‍ॅप करा. करू का?

करा. अँड्रॉइड ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून, मेसेजच्या साठ्यात लिहायचा अधिकार फक्त डिफॉल्ट अ‍ॅपलाच आहे. मेसेज परत आले की लगेच नेहमीचं अ‍ॅप पुन्हा डिफॉल्ट करा. हे राहून गेलं तर नवे मेसेज नीट येत नाहीत, आणि मग लोक सिम बिघडलं म्हणून दुकानात जातात. हजारो मेसेज असतील तर वेळ लागतो. तोवर दुसरं काही करू नका.

आयफोनवर काय करायचं?

सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर, तिथून आयक्लाउडमध्ये जा आणि 'मेसेजेस' चालू आहे का पाहा. चालू असेल तर मेसेज आयक्लाउडवर राहतात, पण ते रोजच्या आयक्लाउड बॅकअपमध्ये नसतात. हा सिंक आहे. फोनवर पुसलात की आयपॅडवरून आणि मॅकवरूनही पुसला गेला. बॅकअप आहे असं समजून लोक फोन 'साफ' करतात आणि सगळीकडून घालवून बसतात. मला या पानावरचं एकच वाक्य कुणाच्या लक्षात राहावं असं वाटत असेल तर ते हे : जिथे एका ठिकाणी पुसलेलं दुसरीकडूनही पुसलं जातं, तो बॅकअप नाही.

खरा बॅकअप कॉम्प्युटरवर घ्या. मॅकवर फाइंडरमधून, विंडोजवर 'अ‍ॅपल डिव्हायसेस' किंवा आयट्यून्समधून, आणि एन्क्रिप्टेड पर्याय निवडून. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, कारण तो विसरला तर तो बॅकअप उघडत नाही. फुकटची ५ जीबी आयक्लाउड जागा तर फोटोंनीच भरते. आयफोन सोडून अँड्रॉइडकडे जात असाल तर आधी आयमेसेज (आयफोन ते आयफोन इंटरनेटवरून मेसेज नेणारी सेवा) बंद करा, नाहीतर आयफोनवाल्या मित्रांचे मेसेज जुन्या वाटेनेच जात राहतात.

डिलीट झालेले मेसेज परत मिळतात का?

आयफोनवर आयओएस १६ पासून 'अलीकडे डिलीट केलेले' असा कप्पा आहे. तिथे ३० दिवस, फार तर ४० दिवस मेसेज राहतात. अँड्रॉइडवर आधी 'संग्रहित' आणि 'स्पॅम व ब्लॉक केलेले' हे कप्पे बघा. हरवला म्हणतात तो मेसेज पुष्कळदा तिथेच सापडतो. गुगल बॅकअपमध्ये जुनी प्रत असेल तर रिसेट करून आणता येईल, पण रिसेट करण्याआधी आत्ताचे मेसेज फाईलमध्ये घ्या.

याउपर जे उरतं ते बहुतेक येत नाही. 'कुठलेही डिलीट मेसेज परत मिळवा' अशी पैसे मागणारी सॉफ्टवेअर फोन रूट करायला, म्हणजे त्याच्या आतल्या सिस्टीमचा पूर्ण ताबा घ्यायला सांगतात. रूटसाठी बहुतेक फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारा आतला प्रोग्राम) उघडावा लागतो आणि तो उघडताना फोन स्वतःहून सगळा डेटा पुसतो. म्हणजे जे शोधायचं तेच आधी नष्ट करायचं. दुःखात असलेल्या माणसाला असलं सॉफ्टवेअर विकणं मला अतिशय चीड आणणारं वाटतं. पैसे देऊ नका.

मेसेजचा स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का?

नुसता स्क्रीनशॉट लंगडा पडतो. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात पक्कं केलं. प्रकरण आपल्या जालन्याचं, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचं. उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही हे दाखवणाऱ्या व्हिडिओ चित्रणावरून ते गेलं होतं. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केलं आणि स्वतः साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश किंमतही, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडाही, नोंदवावी लागते.

सामान्य माणसाने यातून घ्यायचं ते इतकं : वाद दिसू लागला की तो फोन विकू नका, रिसेट करू नका, बॅकअपची मूळ फाईल उघडून तिच्यात काही बदलू नका. वाचायला तिची वेगळी प्रत करा आणि वकिलांना गाठा.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय?

तो वेगळा साठा आहे. एसएमएसच्या बॅकअपमध्ये तो येत नाही. अँड्रॉइडवर तो गुगल ड्राइव्हवर जातो. पूर्वी त्याची जागा मोजली जात नसे, आता ती तुमच्या १५ जीबीत धरली जाते. म्हणून जीमेल भरलं की व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही गुपचूप थांबतो. 'गुड मॉर्निंग'चे व्हिडिओ आधी काढून टाका.

मेसेजची फाईल कुठे ठेवावी?

ती साधी, कुलूप नसलेली फाईल असते. तुमची शिल्लक, खात्याचे शेवटचे आकडे, घरचा पत्ता, सगळं तिच्यात वाचता येतं. सेव्हन-झिपसारख्या फुकट सॉफ्टवेअरने पासवर्ड घालून बंद करा. एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात ती उघडू नका.

मला फक्त कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून मेसेज लिहायचेत. त्यासाठी इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकली अँड्रॉइड फोन उभा करणारा प्रोग्राम, लागेल का?

अजिबात नाही. गुगल मेसेजेसमध्ये 'डिव्हाइस पेअरिंग' आहे. ब्राउझरवर त्याचं वेब पान उघडा आणि क्यूआर कोड स्कॅन करा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं 'फोन लिंक'ही हेच काम करतं. मेसेज फोनमधूनच जातो, फोन चालू आणि नेटवर हवा. हे दोन्ही फोनमध्ये डोकावण्याचे मार्ग आहेत, बॅकअपमध्ये त्यांची गणना करू नका.

मग मोबाईलचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर खरोखर चालवायचं तर?

आधी विचारा की त्या अ‍ॅपची वेबसाइट आहे का. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, रेल्वेचं तिकीट, वीजबिल ही कामं ब्राउझरमध्ये होतात. त्यानंतर दोन वाटा उरतात.

एक, इम्युलेटर. कॉम्प्युटरच्या आत एक नकली अँड्रॉइड फोन उभा राहतो. ब्लूस्टॅक्स, एलडीप्लेअर, नॉक्स ही गेमवाल्यांची नावं. अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी अँड्रॉइड स्टुडिओ. फक्त गेम हवे असतील तर गुगलचं 'प्ले गेम्स ऑन पीसी' सगळ्यात स्वच्छ. त्याला ८ जीबी रॅम, एसएसडीवर १० जीबी जागा आणि चार कोअरचा प्रोसेसर लागतो.

दुसरी, मिररिंग. अ‍ॅप फोनवरच चालतं, पडदा मात्र कॉम्प्युटरवर दिसतो आणि माउस-कीबोर्डने चालवता येतो. यासाठी जेनीमोबाईलचं 'स्क्रीन कॉपी' उत्तम. ते मुक्त स्रोत आहे, जाहिराती नाहीत, फोनवर काही टाकावं लागत नाही. शोधताना त्याचं स्पेलिंग एस-सी-आर-सी-पी-वाय असं आहे. फोनच्या 'अबाउट'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडायचे आणि यूएसबी डीबगिंग चालू करायचं. काम झालं की बंद करा. काही बँक अ‍ॅप्स ते चालू असताना उघडत नाहीत.

माझ्याकडे इम्युलेटर मागायला येणाऱ्या बहुतेकांना खरं तर मिररिंगच हवं असतं. मोठ्या पडद्यावर अक्षरं दिसावीत, एवढीच ज्येष्ठांची गरज असते.

विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड अ‍ॅप्स थेट चालतात असं ऐकलं होतं.

चालायची. मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ रोजी ती सोय बंद केली. जुने व्हिडिओ पाहून कुणी तिच्या फाईल भलत्या साइटवरून उतरवत असेल तर थांबवा.

इम्युलेटर फार रखडतो. रॅम वाढवू?

आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू बघा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन' (कॉम्प्युटरच्या आत दुसरं यंत्र चालवायची सोय) पुढे 'डिसेबल्ड' लिहिलं असेल तर रॅमचे पैसे वाया जातील. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम चालू करा. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र आशा ठेवू नका. शिवाय बरीच अ‍ॅप्स फोनमधल्या एआरएम प्रोसेसरसाठी असतात आणि इंटेलवर चालताना त्यांचं भाषांतर होत राहतं. तो वेळ कुठल्याच सेटिंगने पूर्ण जात नाही.

गुगल पे किंवा फोनपे कॉम्प्युटरवर चालवता येईल का?

इम्युलेटरवर नाही, आणि ते योग्यच आहे. यूपीआय सुरू करताना तुमच्या सिममधून एक मेसेज आपोआप जातो आणि खातं त्या सिमला व त्या फोनला बांधलं जातं. नकली फोनमध्ये सिम नसतं. मिररिंगमध्येही पिनचा पडदा बहुधा काळा दिसतो, कारण अ‍ॅपनेच तो झाकलेला असतो. 'इम्युलेटरवर यूपीआय चालवून देतो' म्हणणाऱ्याला तुमचा पिन हवा आहे.

मॅक, लिनक्स, क्रोमबुक?

अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासूनचे, आयफोनची बरीच अ‍ॅप्स थेट चालवतात. लिनक्सवर वेड्रॉइड. बहुतेक क्रोमबुकवर प्ले स्टोअर असतंच. विंडोजवर आयफोनची अ‍ॅप्स चालवणारा खरा इम्युलेटर नाही. त्या नावाने जे मिळतं ते उतरवू नका.

'ई-चलान बघा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (अँड्रॉइड अ‍ॅप बसवायची) फाईल आली. इम्युलेटरमध्ये उघडून बघू का?

नको. पुसून टाका. चलान कधी एपीके फाईलने येत नाही. ही फाईल फोनमध्ये बसली की पहिली परवानगी एसएमएसची मागते आणि तुमचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. फोनमध्ये बसवून झाली असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, मग बाकीचं. खऱ्या सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता 'जी', बँक व्यवहाराच्या 'टी' आणि जाहिरातीच्या 'पी' असं अक्षर असतं, तेही बघायची सवय लावा.

मुलगा परदेशात आहे, त्याचं भारतातलं सिम इथल्या फोनमध्ये आहे. त्याला ओटीपी तिकडे दिसेल का?

गुगल मेसेजेसचं वेब पान जगात कुठूनही चालतं, इथला फोन चालू आणि वायफायवर असला की झालं. पण ते पान ज्या लॅपटॉपवर उघडं आहे, तो आता बँकेच्या दाराशी बसला आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जोडू नका. त्याआधी बँकेला विचारा, अनिवासी खातेदारांना अनेक बँका ओटीपी ईमेलवरही देतात.

फोनचा टच गेला, पडदा दिसतोय. मेसेज निघतील?

निघतील. साधा यूएसबी माउस ओटीजी जोडणीने, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या अडॅप्टरने, फोनला लावा. पडद्यावर बाण येतो, त्याने पासवर्ड टाका आणि नेहमीसारखा बॅकअप घ्या. पडदाही काळा असेल तर फोन टाइप-सीमधून चित्र बाहेर देणारा हवा, सॅमसंगचे महागडे फोन देतात. मग हबला टीव्ही आणि माउस दोन्ही लावा. यातलं काहीच जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे फक्त डिस्प्ले बदलायला सांगा, आणि 'रिसेट करू नका' हे फोन देताना पावतीवर लिहून घ्या.